पूर्णविरामाची जागा

इंग्रजी लेखन म्हटले की आपल्याला धास्ती वाटते ती स्पेलिंगची आणि काळांची. पूर्णविरामाची भीती कोणालाच वाटत नाही. तो एक ठिपका, कुठेही द्यावा! परंतु आपल्या इंग्रजीतला एक मोठा दोष नेमका या ठिपक्यापाशी आहे, आणि तो ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही, असे मला वाटते. इंग्रजी वाक्येही येथे मी वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीतच देत आहे.

‘द लोकल वॉज लेट, आय मिस्ड द लेक्चर.’ पालघर किंवा बोईसरला लोकलची वाट पाहिलेल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ कळेल. तरीही इंग्रजी व्याकरणाप्रमाणे ते चूक आहे. ही दोन स्वतंत्र वाक्ये आहेत. प्रत्येकाला आपला कर्ता आहे, आपले क्रियापद आहे. त्यांना नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे याला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. मध्ये काहीच चिन्ह नसेल तर तो ‘रन-ऑन’.

आपल्याकडून असे का होते? हा निष्काळजीपणा आहे असे मी मानत नाही. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ‘गाडी उशिरा आली माझा तास बुडाला’ असे सलग लिहिले तरी ‘आली’पाशी वाक्य संपले हे कानाला कळते. इंग्रजीत क्रियापद मध्ये असते आणि कर्म त्याच्या मागून येते. तेथे वाक्य कोठे संपले हे कान सांगत नाही, ते ठिपक्याने सांगावे लागते. शिवाय इंग्रजीत नवे वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होते. आपल्या लिपीत मोठे-लहान अक्षर नाही, म्हणून तीही सवय आपल्या हाताला नाही.

याला इतिहासही आहे. मोडी लिपीत शब्दाशब्दांत जागा सोडण्याची किंवा विरामचिन्हे देण्याची रीत नव्हती. आज आपण मराठीत वापरतो ती बहुतेक विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. मेजर थॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० साली लिहिले, ते याच कामासाठी. म्हणजे पूर्णविराम आपल्या घरात पाहुणा म्हणून आला. इंग्रजीच्या घरी मात्र तो कारभारी आहे.

कोणी म्हणेल, एका ठिपक्याने काय बिघडते? तारापूरची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांची. अशा एखाद्या कारखान्यात पुढील सूचना लावली आहे अशी कल्पना करा: ‘डू नॉट ओपन द व्हॉल्व्ह व्हेन द प्रेशर इज हाय कॉल द सुपरवायझर.’ ‘हाय’नंतर पूर्णविराम दिला तर अर्थ होतो, दाब जास्त असताना व्हॉल्व्ह उघडू नका, सुपरवायझरला बोलवा. म्हणजे दाब कमी असताना उघडायला हरकत नाही! ‘व्हॉल्व्ह’नंतर दिला तर अर्थ होतो, व्हॉल्व्ह कधीच उघडू नका; दाब वाढला की सुपरवायझरला बोलवा. शब्द तेच, काम वेगळे. रात्रपाळीच्या कामगाराने कोणता अर्थ घ्यावा?

आता दुरुस्ती. दोष ओळखण्यासाठी जोडाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग वेगवेगळा वाचावा. दोन्ही आपापल्या पायांवर उभे राहत असतील, तर मध्ये नुसता स्वल्पविराम पुरत नाही. मग चार उपाय आहेत.

पहिला, पूर्णविराम: ‘द लोकल वॉज लेट. आय मिस्ड द लेक्चर.’ दुसरा, अर्धविराम. दोन वाक्यांचा संबंध निकटचा असेल तेव्हा. तिसरा, स्वल्पविराम आणि त्यापुढे उभयान्वयी अव्यय, म्हणजे अँड, बट, ऑर, सो यांपैकी एक: ‘द लोकल वॉज लेट, सो आय मिस्ड द लेक्चर.’ चौथा, एका वाक्याला गौण करून मिश्र वाक्य बनविणे: ‘बिकॉज द लोकल वॉज लेट, आय मिस्ड द लेक्चर.’ कारण दाखवायचे असेल तर चौथा उपाय उत्तम. दोन गोष्टी नुसत्या सांगायच्या असतील तर पहिला.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवावा. मराठीतला ‘म्हणून’ दोन वाक्ये खुशाल जोडतो. त्याचे भाषांतर आपण ‘देअरफोर’ करतो आणि फसतो. ‘सो’ला जोडण्याचा अधिकार आहे, ‘देअरफोर’ला नाही. तसेच ‘बट’ला आहे, ‘हाउएव्हर’ला नाही. याची खूण सोपी आहे. ‘देअरफोर’ वाक्यात पुढे-मागे सरकविता येतो: ‘आय, देअरफोर, मिस्ड द लेक्चर.’ ‘सो’ असा सरकत नाही. जो शब्द जागा सोडून हिंडतो तो क्रियाविशेषण; त्याच्या भरवशावर वाक्ये बांधू नयेत. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवाच.

माझ्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे आमच्या चाळीतली मुले नोकरीचे अर्ज तपासायला माझ्याकडे आणतात. शब्द बहुधा बरोबर असतात. पण अर्ध्या पानाचे एकच वाक्य असते. लांब वाक्य म्हणजे भारी इंग्रजी, असा आपल्यात समज आहे. खरे तर वाचणाऱ्याकडे वेळ थोडा असतो. त्या गर्दीत ‘मी बारावी पास आहे’ आणि ‘मी रात्रपाळीला तयार आहे’ या दोन्ही मोलाच्या गोष्टी हरवतात. त्या दोन वाक्यांत वेगळ्या लिहिल्या की दोन्ही दिसतात.

आपल्यासारख्यांना इंग्रजी घरात ऐकून मिळालेले नाही, ते नियमानेच मिळवायचे आहे. त्यात हा नियम सर्वांत स्वस्त आहे. त्याला शब्दसंग्रह लागत नाही की शिकवणी लागत नाही. लिहून झाल्यावर एकदा सावकाश वाचावे, आणि जेथे एक गोष्ट सांगून संपली तेथे निःसंकोच थांबावे.