बोंब एकाची, दुखणं दुसऱ्याचं

‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी.’ २०२४ च्या सुरुवातीला ‘टेकन ८’, ‘फोर्टनाइट’ असे गेम सुरू करताना कित्येकांच्या पडद्यावर हा संदेश झळकायचा आणि गेम बंद पडायचा. त्यांतल्या काहींच्या मशीनमध्ये आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड होतं. त्यावर २४ जीबी मेमरी असते. गेम धड सुरूही झाला नसताना ती संपेल कशी? लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, काहींनी कार्डच परत पाठवलं. नवं कार्ड बसवलं तरी संदेश तोच.

कार्डात काहीच बिघडलं नव्हतं. बिघाड होता इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये. अनरियल इंजिनवर बनलेला गेम सुरू होताना शेडर तयार करतो आणि आवळून ठेवलेला डेटा उलगडतो. हे काम प्रोसेसरचं, आणि त्याला तो सगळे कोअर एकदम जुंपतो. एखादा कमजोर कोअर हिशेबात चुकला की उलगडलेला डेटा खराब निघतो. तो ग्राफिक्सच्या वाट्याला आला की तिथलं काम अडतं आणि गेम मेमरी संपल्याची तक्रार करून मोकळा होतो. डेटा उलगडणारं ‘ऊडल’ हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने हा दोष आमच्या कोडचा नाही, हार्डवेअरचा आहे, असं लिहून सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानेही असा संदेश दिसणाऱ्या इंटेलच्या ग्राहकांना थेट इंटेलकडे जायला सांगितलं.

इंटेलने जुलैमध्ये कबूल केलं, की मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आत चालणारा आज्ञासंच, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरमध्ये अधिक खुलासा आला: जादा व्होल्टेज आणि उष्णतेमुळे कोअरमधलं घड्याळाचं सर्किट अकाली झिजतं. मदरबोर्ड कंपन्यांनी बेंचमार्कमध्ये चार गुण जास्त मिळावेत म्हणून वीजमर्यादा सैल सोडल्या होत्या, त्याचाही यात हात होता. नवा मायक्रोकोड आला, पण तो पुढची झीज रोखतो; झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही.

हे इतक्या तपशिलाने सांगायचं कारण, नवा गेमिंग पीसी हँग होऊ लागला की बहुतेक जण हीच चूक करतात. पडद्यावर ज्याचं नाव येतं, त्याच्यावर बिल फाडतात.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद दिसली की ‘एसएमपीएस गेला’, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबाच बिघडला, असा निकाल देणारे तज्ज्ञ गल्लोगल्ली आहेत. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. वीज गेली, मशीन थिजलं म्हणून तुम्ही बटण दाबून धरलं, तरी नोंद हीच. ‘व्हिया-लॉगर’च्या नोंदी जास्त कामाच्या. त्या दिसल्या तर हार्डवेअरने स्वतः चूक कळवली आहे असं समजा आणि फॉरमॅट मारायच्या भानगडीत पडू नका. दुकानदाराला फॉरमॅट मारायला आवडतं, कारण ते सोपं असतं.

निळा पडदा (२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो काळा केला) दर वेळी वेगळं कारण दाखवत असेल, आज एक ड्रायव्हर, उद्या दुसरा, तर संशय रॅमवर घ्या. नव्या मशीनमध्ये तिथेच जास्त गफलत होते. डब्यावर ‘६०००’ छापलेली डीडीआर५ रॅम तो वेग आपोआप देत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं लागतं, आणि हे चालू करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच. प्रोसेसर आणि मदरबोर्डला तो वेग झेपेलच अशी हमी नसते. त्यात कुणी हौसेने चार स्टिक लावल्या तर बघायलाच नको. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेला दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००. म्हणून सगळ्यात स्वस्त चाचणी ही, की एक्सएमपी बंद करून दोन-चार दिवस नेहमीसारखं खेळायचं. हँग होणं थांबलं तर चोर तिथेच सापडला. थांबलं नाही तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. त्यात एकसुद्धा एरर आली तरी ‘एवढं चालतं’ म्हणून सोडून देऊ नका.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, ती परदेशी व्हिडिओंमध्ये फारशी ऐकू येत नाही. टेबलाखाली जुना ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॅट. जुन्या ऑफिस पीसीला ती पुष्कळ होती. आता नुसतं आरटीएक्स ४०८० कार्डच ३२० वॅट खातं. प्रोसेसर आणि मॉनिटर निराळे. गेममध्ये स्फोट-धुराचा प्रसंग आला, भार उसळला, यूपीएसने हात वर केले आणि मशीन खटकन बंद. डेस्कटॉपवर तासन्‌तास सुरळीत, गेममध्येच मरतं, हे त्याचं लक्षण. दुसरं लक्षण म्हणजे वीज गेली की यूपीएस चालू राहतो, पीसी मात्र बंद पडतो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह देत नाही, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या काही नव्या एसएमपीएसना ती खडबडीत वीज पचत नाही. दोन्हींची शहानिशा करायला पैसे लागत नाहीत: यूपीएस बाजूला करून पीसी काही दिवस थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा.

ग्राफिक्स कार्डाला एकाच केबलच्या दोन फाट्यांमधून वीज दिली असेल तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल ओढा. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहून गेल्याची उदाहरणंही कमी नाहीत. तापमान दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर ते मिनिटभरात उघड करतं.

आणि दोष दर वेळी हार्डवेअरचाच असतो असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० सारख्या काही एसएसडी असलेल्या मशीनवर निळे पडदे येऊ लागले. या एसएसडीला स्वतःची डीरॅम नसते. ती पीसीची रॅम उसनी घेते, आणि नव्या विंडोजने तिला पूर्वीपेक्षा जास्त देऊ केली. कंपनीने नवं फर्मवेअर काढलं आणि प्रश्न मिटला. तेव्हा काही उघडण्याआधी बायोस आणि एसएसडीचं फर्मवेअर अद्ययावत आहे ना, हे बघून घ्यावं.

या सगळ्यात एक पथ्य कडक पाळायचं: एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत टिपायचा. एका संध्याकाळी बायोस बदलला, रॅम हलवली, ड्रायव्हरही नवा टाकला आणि मशीन सुधारलं, तर सुधारलं कशाने हे कधीच कळणार नाही. महिन्याभराने पुन्हा बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात. कंटाळवाणं आहे खरं. पण वॉरंटीच्या काउंटरवर ‘कधीकधी हँग होतो’ या वाक्याला कुणी विचारत नाही, आणि ‘अमुक चाचणीत इतक्या मिनिटांनी एरर, हा फोटो’ म्हटलं की समोरच्याला ऐकावं लागतं. ऑनलाइन घेतलेल्या मालाला परतीची मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून मशीन घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याला घाम फुटेल इतकं राबवून घ्या.

तुमच्याकडे इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय५, आय७ किंवा आय९ डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर आजच मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून नवा बायोस टाका. सप्टेंबर २०२४ चा किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड त्यात असायला हवा. तरीही गेम कोसळत असतील तर प्रोसेसरचं बिल शोधा. या प्रकरणात सापडलेल्या मॉडेलांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली आहे. डबाबंद, सुटा विकत घेतला असेल तर इंटेलकडे, तयार मशीनमधला असेल तर ज्याने मशीन विकलं त्याच्याकडे जा.