चवीपुरते मीठ

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकात कविता असावी, कथा असावी, गेला बाजार एखादे प्रवासवर्णन तरी असावे. कोशिंबिरीवर लेख, आणि तोही मुलाने लिहिलेला, पाहून माझे मित्र हसतील हे मला ठाऊक आहे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात जो प्रश्न उभा राहिला तो कोशिंबिरीच्या वाटीपाशीच येऊन अडला होता, म्हणून हे धाडस.

झाले असे, की बाबांना रक्तदाबाचा त्रास निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि कागदावर लिहून दिले : ‘मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी.’ जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्या माणसांसाठीचा सल्लाही हाच आहे. आलेला कागद वाचून दाखवणे हे घरात माझे काम. कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वाचून झाल्यावर आईने विचारले, “म्हणजे किती चिमटी?” कागदावर याचे उत्तर नव्हते.

पुस्तकांत तरी कुठे असते? पाककृतीच्या शेवटी ‘मीठ चवीपुरते’ एवढेच लिहिलेले असते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याच्या मापांनी स्वयंपाक शिकवला, पण आईने ना ते पुस्तक वाचले, ना चमचा मोजला. तिचे माप तिच्या तीन बोटांत आहे.

आम्ही खारघरचे मूळचे आगरी. मिठाच्या आगरात राबणारे ते आगरी, असे आमच्याकडे सांगतात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी पनवेल-उरणच्या गावांतील जमिनी संपादित झाल्या आणि आज खारघर म्हटले की लोकांना उंच इमारती दिसतात. माझे आजोबा मात्र हंगामात मिठागरावर जात. भरतीचे खारे पाणी आत घ्यायचे, उथळ वाफ्यांत उन्हावर आटवायचे आणि तळाशी धरलेले मीठ ओढून ढीग लावायचे, हे त्यांचे काम. १९३० साली वडाळ्याला आणि शिरोड्याला याच मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. अशा घरात मीठ मोजून खाण्याची पाळी आली, हे आजोबा असते तर त्यांना खरे वाटले नसते.

मी आईला घेऊन वाण्याच्या दुकानात गेलो. एका चिमटीने त्याचा काटा हलेना, म्हणून आईने कागदावर एकापाठोपाठ दहा चिमटी टाकल्या. भरले ७ ग्रॅम. म्हणजे आईच्या सात चिमटींत बाबांचा अख्खा दिवस बसवायचा, आणि त्यात डाळ, कालवण, भाकरी, लोणचे, सुकट सगळेच आले. कोशिंबिरीला एक चिमूटही जड वाटू लागली.

पण कोशिंबीर सोडवेना. पानाच्या डाव्या बाजूला लिंबू, चटणी आणि कोशिंबीर नसेल तर बाबांचा घास पुढे सरकत नाही. त्यातून श्रावणात खारघरच्या डोंगरावरील वाड्यांतून आदिवासी बायका गावठी काकड्या घेऊन खाली उतरतात. त्या काकडीचा वास घरात आला की जेवणाची वाट पाहावी लागते. मी सरळ उपाय केला : मीठ न घालता कोशिंबीर केली. ती फसली. काकडी करकरीत राहिली, लिंबाची चव वरवरच राहिली, आणि बाबांनी वरून मीठ घेताच वाटीत पाण्याचे तळे झाले. त्यांनी काही न बोलता वाटी बाजूला सारली.

मग माझ्या लक्षात आले की कोशिंबिरीत मिठाचे काम केवळ चवीचे नाही. काकडीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते. ते तिच्या बारीक पेशींत कोंडलेले असते. बाहेरून मीठ लागले की पेशीबाहेर खारट पाणी तयार होते आणि आतले पाणी पेशींच्या पडद्यातून बाहेर ओढले जाते. याला परासरण म्हणतात. शाळेत मनुका भिजवून याची उलटी बाजू आपण सर्वांनी पाहिली आहे. पाणी गेले की फोड मऊ, लवचिक होते आणि लिंबाचा रस आत शिरतो. यालाच आपण ‘मुरणे’ म्हणतो. कोरियात याच रीतीने कोबी मिठवून किमची घालतात. हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून ती घालण्याच्या प्रथेला युनेस्कोने २०१३ साली आपल्या यादीत स्थान दिले. तिथे पुढे आंबवण होऊन आंबटपणा येतो, आपण लिंबू पिळून मोकळे होतो, एवढाच फरक.

तेव्हा मीठ हवे, पण ते काम करून बाहेर पडले पाहिजे. पाणी पिळून काढले की त्याबरोबर मिठाचाही बराच भाग जातो. मी खुशीत आईला हे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पिळलेले पाणी नेहमीप्रमाणे भाकरीच्या पिठात ओतले! तिच्या मते काकडीचे पाणी फेकणे म्हणजे पाप. आणि त्यात खोटे काही नाही. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्यातच उतरलेली असतात. पण डाव्या बाजूने काढलेले मीठ उजव्या बाजूने पुन्हा बाबांच्याच पोटात जात होते. पाणी कुठे मुरते ते मला त्या दिवशी अक्षरशः कळले.

तोड आईनेच काढली. म्हणाली, “मग पिठात वेगळं मीठ कशाला घालू?” पाणी वाया गेले नाही आणि चिमटींचा हिशेबही चुकला नाही. माझ्या पुस्तकी ज्ञानाला जे सुचले नव्हते ते तिला परातीपाशी सुचले.

आता आमची रीत सांगतो. पाच माणसांना पाव किलो काकडी, एक कांदा, एक गाजर आणि वाटीभर कोबी पुरे. काकडीची टोके कापून चाखून पाहावीत. कडू निघाली तर ती काकडी सोडून द्यावी. सगळे पातळ चिरावे, कारण जितका काप पातळ तितके पाणी लवकर सुटते. त्यावर आईच्या पाच चिमटी, म्हणजे साडेतीन ग्रॅम मीठ चोळून वीस मिनिटे झाकून ठेवावे. मग मुठीने घट्ट पिळावे. यानंतर दोन चमचे लिंबाचा रस, अर्धा चमचा साखर, ठेचलेली हिरवी मिरची आणि किसलेले आले घालून तासभर फ्रीजमध्ये मुरू द्यावे. लाल कांदा लिंबाच्या आंबटपणाने गुलाबी दिसू लागतो. मुरल्याची ती खूण. भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. पितळेत आंबट पदार्थ कळकतो. तीळ, जिरे आणि हिंगाची फोडणी गार करून घालावी. दाण्याचे कूट आणि कोथिंबीर मात्र पाने वाढताना घालावी, नाहीतर कूट रस पिऊन लगदा होतो. उरलेली कोशिंबीर दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये राहते. तिला लोणचे समजून आठवडाभर ठेवू नये.

एक सावधगिरी. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

कोशिंबिरीने रक्तदाब उतरतो असा दावा मी करणार नाही. बाबांची गोळी चालूच आहे, सुकट महिन्यातून एकदाच होते आणि त्यावरून अधूनमधून कुरबुरही होते. पण पहिल्यांदा नीट मुरलेली वाटी पुढे आली तेव्हा बाबांनी ती पुसून खाल्ली आणि विचारले, “आज मीठ घातलंस वाटतं?”

आई माझ्याकडे पाहून हसली. आता तिने फळीवर मिठाच्या बरणीशेजारी एक छोटी डबी ठेवली आहे. रोज सकाळी ती त्यात मोजून सात चिमटी मीठ काढते. बाबांच्या पानातले जे काही मीठ, ते दिवसभर त्या डबीतूनच.