प्रवासातला कॅमेरा, गाडीतला साक्षीदार

सुट्टी लागली की गाडी काढून कोकणात, गोव्याला किंवा देवदर्शनाला जायची पद्धत आता आपल्या भागातही रुळली आहे. स्टिअरिंगवर बाई बसलेली असणं हेही नवीन राहिलेलं नाही. तरी गाडीला गाडी घासली की जमलेली माणसं आधी विचारतात, "बाई चालवत होती का?" मग चूक कोणाची याचा निकाल तिथेच लागतो. अशा वेळी खरं काय घडलं ते दाखवणारा साक्षीदार जवळ हवा.

तो साक्षीदार म्हणजे डॅशकॅम, गाडीच्या काचेला लावलेला छोटा कॅमेरा. पण हल्ली पुष्कळ घरांत पोरांनी सहलीसाठी घेतलेला ॲक्शन कॅमेरा असतो, गोप्रोसारखा, काडेपेटीहून थोडा मोठा. त्यालाच हे काम देता येईल का? देता येईल, पण त्याचा स्वभाव ओळखून. गोप्रोचा पहिला कॅमेरा २००४ साली आला तो समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्यांनी मनगटाला बांधायचा म्हणून. गाडीसाठी तो कधीच घडवलेला नव्हता. डॅशकॅम गाडी सुरू झाली की आपोआप सुरू होतो आणि धक्का बसला की तेवढं चित्रण राखून ठेवतो. ॲक्शन कॅमेऱ्याकडून ही दोन्ही कामं आपल्यालाच करून घ्यावी लागतात.

पहिली गोष्ट, 'लूप' रेकॉर्डिंग. साधं चित्रण चालू ठेवलं तर कार्ड भरतं आणि कॅमेरा थांबतो. सेकंदाला ३० मेगाबिट या वेगाने चित्रण केलं तर तासाला साडेतेरा जीबी जागा जाते, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सुमारे पावणेपाच तासांत संपतं. लूपमध्ये कॅमेरा जुनं पुसून नवं लिहीत राहतो. त्यात ५ मिनिटं, २० मिनिटं, तासभर असे पर्याय असतात. इथेच मेख आहे. ५ मिनिटांचा लूप लावला आणि अपघातानंतर आपण रस्त्यावर दहा मिनिटं वाद घालत बसलो, तर नेमका अपघातच पुसला जातो. म्हणून आम्ही तासाभराचा किंवा त्याहून मोठा लूप सुचवतो. काही घडलंच तर आधी जखमींकडे पाहायचं, ११२ ला फोन करायचा आणि मग लगेच बटण दाबून चित्रण थांबवायचं.

दुसरी गोष्ट, वीज. कॅमेऱ्याची बॅटरी तास-दीड तासात उतरते, म्हणून गाडीतल्या चार्जरची वायर लावावी. पण बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं की चार्जरही बंद होतो. बॅटरी काढून नुसत्या वायरवर कॅमेरा चालवत असाल, तर आधी चित्रण थांबवा आणि मग किल्ली फिरवा. नाहीतर शेवटची फाइल अर्धवट राहून खराब होऊ शकते.

तिसरी गोष्ट, ऊन. गोप्रो आपल्या कॅमेऱ्यासाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत सांगते. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत त्याच्या कितीतरी वर पारा जातो. तापलेला कॅमेरा आपोआप बंद पडतो. म्हणून गाडी उभी करताना तो काढून पिशवीत ठेवावा. त्याने चोरीची भीतीही टळते. उभ्या गाडीची राखण हे या कॅमेऱ्याचं काम नव्हे.

बसवायचा कुठे? मधल्या आरशामागे, काचेला, चालवणारीला रस्ता दिसण्यात अडथळा येणार नाही असा. एअरबॅग जिथून उघडते तिथे काहीही चिकटवू नये. काच आधी पुसून कोरडी करावी, नाहीतर रबरी कप घाटातल्या खड्ड्यांत सुटतो. डॅशबोर्डवरच्या पांढऱ्या वस्तू, देवाची मूर्ती, कागद यांचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि समोरच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. तिथे काळं कापड अंथरलं तरी फरक पडतो.

बहुतेक ॲक्शन कॅमेरे चित्रावर तारीख-वेळ छापत नाहीत. कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर लावाच, शिवाय निघताना मोठ्याने म्हणा, "आज अमुक तारीख, सकाळचे सात वाजलेत, साताऱ्याहून निघतोय." आवाज चित्रणातच राहतो. पण मग गाडीतल्या गप्पाही राहतात, हे सोबतच्यांना सांगून ठेवावं. नको असेल तर ही दोन वाक्यं बोलून झाल्यावर आवाज बंद करता येतो का ते पाहावं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अपघाताचं चित्रण हाती आलं की आपण ते लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. वॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ आकुंचन पावतो, तो मूळ राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं 'हॅश' मूल्य नोंदवावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना; फाइलमध्ये कणभर बदल झाला तरी ठसा बदलतो. म्हणून कार्ड काढून पाकिटात घाला, वर तारीख आणि गाडीचा नंबर लिहा, कॅमेऱ्यात दुसरं कार्ड टाका. मूळ कार्डावर काही कापू नका, जोडू नका. पोलिसांना किंवा विमा कंपनीला चित्रण देताना पोच घ्या.

आणि मैत्रिणींनो, हा साक्षीदार आपली बाजू घेत नाही. आपला वेग, आपण तोडलेला सिग्नल, आपलं चुकीच्या बाजूने पुढे जाणं, सगळं तो तितक्याच खरेपणाने सांगतो. ज्या बाईला नीट गाडी चालवता येते, तिला यात भिण्यासारखं काही नाही.