नावं बदललेला इतिहास

1974 साली कॅनडातल्या विनिपेगचा एक विशीतला विद्यार्थी ऑक्सफर्डला गेला. जे. आर. आर. टोल्किन यांना जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांनी मागे ठेवलेल्या, पुन्हा पुन्हा फिरवून लिहिलेल्या आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या हस्तलिखितांमधून त्यांचा मुलगा क्रिस्टोफर ‘द सिल्मॅरिलियन’ सिद्ध करत होता. त्या कामात त्याला मदत करणारा हा तरुण म्हणजे पुढचा कादंबरीकार गाय गॅव्हरिएल के. पुस्तक 1977 मध्ये आलं. टोल्किनचे कच्चे कागद इतक्या जवळून पाहिलेला माणूस पुढे जन्मभर त्यांच्याच वाटेनं गेला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

के यांनी टोरंटोला कायद्याची पदवी घेतली, पण त्यांची लेखणी लागली ती कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओला. खऱ्या फौजदारी खटल्यांवर बेतलेली श्रुतिका-मालिका ते लिहीत. 1984 ते 1986 या काळात त्यांची पहिली त्रयी आली. टोरंटोचे पाच विद्यार्थी दुसऱ्या जगात जातात, तिथे देव, बुटके आणि अंधाराचा स्वामी भेटतो. हे टोल्किनचं ऋण फेडणं होतं, आणि त्यांनी ते मनापासून फेडलं.

खरे के दिसतात ते 1990 च्या ‘टिगाना’त. पंधराव्या शतकातल्या इटलीसारखं, आपसांत भांडणाऱ्या प्रांतांचं एक द्वीपकल्प. दोन परकीय जादूगार-राजांनी ते वाटून घेतलंय. त्यांतल्या ब्रँडिनचा मुलगा टिगाना प्रांताशी लढताना मारला जातो. सूड म्हणून तो त्या प्रांताचं नावच पुसून टाकतो. त्याआधी तिथे जन्मलेल्यांखेरीज कुणालाही ते नाव ऐकू येत नाही. समोरच्यानं मोठ्यानं उच्चारलं तरी नाही. त्यांतली शेवटची व्यक्ती मरेल तेव्हा नावही मरेल, आणि तोवर जगता यावं म्हणून ब्रँडिननं स्वतःचं आयुष्यही जादूनं वाढवलंय. साम्यवादी चेकोस्लोव्हाकियातल्या एका छायाचित्रातून नकोसा झालेला माणूस पुसून टाकला होता; कादंबरीमागे ते छायाचित्र होतं, असं के यांनी लिहिलं आहे.

यातलं राजकारण विलक्षण काटेकोर आहे. टिगानाचा राजपुत्र अलेसान गवयाच्या वेशात फिरत कट रचतो. पण एकाच जुलमी राजाला पाडलं तर दुसरा सगळं द्वीपकल्प गिळणार, म्हणून दोघांनाही एकाच वेळी पाडायला हवं. त्यासाठी तो एका मांत्रिकाला त्याच्या मर्जीविरुद्ध स्वतःला बांधून घेतो, म्हणजे स्वातंत्र्यासाठी एकाला गुलाम करतो. तिकडे ब्रँडिनला मारायला त्याच्या अंतःपुरात शिरलेली टिगानाची डियानोरा त्याच्यावर प्रेम करून बसते. ब्रँडिन रसिक आहे, प्रेमळ आहे, पुत्रशोकानं पोळलेला आहे. त्याचा द्वेष करणं अवघड जातं, आणि तरीही त्याला क्षमा करता येत नाही. सत्तेबद्दल इतकं प्रामाणिक लेखन मी फार थोड्या ‘वास्तववादी’ कादंबऱ्यांत वाचलं आहे.

इथून पुढे के यांनी एक रीत धरली. खरा काळ घ्यायचा, वर्षानुवर्षं अभ्यासायचा आणि मग नावं बदलून, बहुधा आकाशात दोन चंद्र टांगून तो सांगायचा. खऱ्या माणसांच्या मनात आपले विचार घालायला ते कचरतात, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. मराठी वाचकाला हा पेच परका नाही. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’पासून आपण माधवराव-रमाबाईंचं खासगी बोलणं ऐकत आलो आहोत, आणि कादंबरीतले संवाद इतिहास म्हणून सांगितले जातानाही पाहिलं आहे. शिवाय विश्वास पाटलांची ‘पानिपत’ उघडताना 14 जानेवारी 1761 ला काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं. के यांच्या जगात पानिपत जिंकताही येऊ शकतं. ही अनिश्चितता वाचकाला दरबारातल्या माणसांच्या पातळीवर आणते. उद्याचं त्यांनाही माहीत नव्हतं.

1995 च्या ‘द लायन्स ऑफ अल-रसान’मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू अशा तिन्ही समाजांचं मध्ययुगीन स्पेन आहे. तारे, सूर्य आणि चंद्र पूजणारे तीन धर्म, आणि त्या तिघांमधून आलेली एक वैद्य स्त्री, एक कवी-मुत्सद्दी, एक सरदार. जादू जवळपास संपलेलीच आहे. पुढच्या दोन कादंबऱ्यांत सम्राट जस्टिनियनचं कॉन्स्टँटिनोपल येतं. तिथे रथशर्यतींच्या टोळ्या सिंहासन हलवू शकतात.

माझ्या मते त्यांचं सर्वांत प्रौढ पुस्तक म्हणजे 2010 चं ‘अंडर हेवन’. काळ तांग चीनचा, आन लुशानच्या बंडाच्या उंबरठ्यावरचा. शेन ताई वडिलांच्या सुतकाची दोन वर्षं एका जुन्या रणभूमीवर काढतो आणि दोन्ही बाजूंच्या मृतांची हाडं पुरतो. त्याबद्दल शत्रुदेशाची राणी त्याला 250 उमदे घोडे देते. एक घोडा मिळाला तरी माणूस मोठा होतो. 250 घोडे म्हणजे मरणच. म्हणून तो ते सरहद्दीवरच ठेवतो. घोडे फक्त त्याच्याच हाती दिले जातील, तो मेला तर कुणालाच मिळणार नाहीत. आता पंतप्रधानापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांना तो जिवंत हवा. एका देणगीनं दरबाराचा तोल कसा ढळतो, हे पानोपानी उलगडत जातं.

त्यांचे दोषही आहेत. घडून गेलेली गोष्ट वाचकापासून मुद्दाम लपवायची आणि चार पानं ताणायची, ही खोड त्यांना सुटलेली नाही. ‘लायन्स’च्या शेवटच्या द्वंद्वात तर ती मला खटकतेच. नियतीबद्दलची गंभीर वाक्यं नंतरच्या पुस्तकांत वाढली आहेत.

पण नंतरच्या पुस्तकांतच नजर दरबारातून खाली उतरली. 2019 च्या ‘अ ब्राइटनेस लाँग अगो’चा निवेदक एका शिंप्याचा मुलगा आहे. दोन भाडोत्री सेनापतींचं वैर तो कडेनं पाहतो. 2025 च्या ‘रिटन ऑन द डार्क’मध्ये मध्ययुगीन फ्रान्स आहे. राजधानीच्या रस्त्यावर रात्री एक सरदार मारला जातो आणि तपास येतो तो गुत्त्यांत कविता म्हणणाऱ्या एका फाटक्या कवीकडे. फ्रान्स्वा व्हियों हा कवी त्याच्यामागे ओळखू येतो. राजघराण्याच्या भांडणात कवीची काय गरज, याचं उत्तर के देतात: लोक कुणाच्या बाजूनं बोलतात हे गुत्त्यात आधी कळतं, राजवाड्यात नंतर.