यंत्राचा बुद्धिबळगुरु

बुद्धिबळ खेळणारें यंत्र सिद्ध करणारा मनुष्य स्वतः पटाईत खेळाडू असलाच पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. शिष्यास विद्या द्यावयाची तर ती आधीं गुरूजवळ हवी! परंतु या प्रांताचा इतिहास निराळेंच सांगतो.

इंग्लंडांत १९४८ सालीं अ‍ॅलन ट्यूरिंग व डेव्हिड चॅम्परनाउन यांनीं अशा खेळाची नियमावली रचली. ती यंत्रावर चढविण्याचें काम पुरें होईना. तेव्हां १९५२ सालीं ट्यूरिंग स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन यंत्र बनले आणि खेळीगणिक हिशेब मांडीत बसले. अ‍ॅलिक ग्लेनी यांनीं तो डाव २९ खेळ्यांत जिंकला. ट्यूरिंग थोर गणिती खरे, पण खेळाडू बेताचेच.

गुरु कच्चा म्हणून शिष्य कच्चा, असें यावर कोणी म्हणेल. त्यानें रशियाचे बोट्‌विनिक पाहावेत. १९४८ सालीं जगज्जेते झालेले हे गृहस्थ विद्युत्शास्त्राचेही जाणकार होते. मुरब्बी खेळाडू मोजक्याच खेळ्या विचारांत घेतो, तसें यंत्रानें करावें, या हेतूनें त्यांनीं 'पायोनियर' या योजनेवर कित्येक वर्षें वेंचलीं. पण स्पर्धेंत उतरेल असा खेळाडू तींतून निपजला नाहीं. याचें एक कारण उघड आहे. निष्णात डोळ्यास घोड्याची योग्य जागा 'दिसते'. ती कां दिसली हें त्याला पुरतेपणीं सांगतां येत नाहीं, आणि यंत्रास तर पायरीपायरीनें सांगितल्यावांचून कांहींच उमगत नाहीं. उत्तम पोहणारा उत्तम पोहणें शिकवितोच असें थोडेंच आहे!

तथापि खेळाचें ज्ञान अगदींच नको, असेंही नव्हे. १९९७ सालीं कास्पारोव्ह यांस ३॥ विरुद्ध २॥ गुणांनीं हरविणाऱ्या 'डीप ब्लू' यंत्राचे मुख्य शिल्पकार फेंग-श्युंग श्यू हे कांहीं नामांकित खेळाडू नव्हते. सेकंदास सुमारें २० कोटि मांडण्या तपासणारें यंत्र घडविणें हें त्यांचें कसब. मात्र कोणत्या मांडणीस किती मोल द्यावें, हें ठरवितांना जोएल बेंजामिन या ग्रँडमास्टरांचें साह्य घ्यावें लागलें. ज्ञान हवें होतें, पण तें त्याच डोक्यांत असण्याची गरज नव्हती.

पुढें २०१७ सालीं 'अल्फाझीरो' आलें. त्यास केवळ खेळाचे नियम दिले. बाकीचें तें स्वतःशींच लाखों डाव खेळून शिकलें. गंमत अशी कीं, तें घडविणाऱ्या संस्थेचे प्रमुख डेमिस हसाबिस लहानपणीं नांवाजलेले खेळाडू होते. पण त्यांच्या ठेवणींतला एकही डाव यंत्रास शिकविण्यांत आला नव्हता.