ट्रॅक्टरच्या चाकात पाणी : किती, कसे आणि केव्हा?



रब्बीची काढणी उरकली की उन्हाळी नांगरटीची घाई सुरू होते. भारी काळी जमीन तापून दगडासारखी झालेली असते. नांगर जमिनीत शिरतो, इंजिन धूर ओकते, पण मागची चाके जागच्या जागी फिरतात. मग चालक नांगर वर घेतो, नांगरट उथळ होते आणि हरळी-कुंदा तसाच राहतो. दोष मात्र इंजिनाला दिला जातो. पुष्कळदा इंजिनात ताकद असते, पण चाकावर वजन कमी पडल्यामुळे ती जमिनीवर उतरत नाही.

कुळव वरवर चालू लागला की आपण त्यावर दगड ठेवतो. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. मागच्या चाकांना लोखंडी वजने लावता येतात किंवा ट्यूबमध्ये पाणी भरता येते. लोखंडी वजनांना पैसे पडतात. पाण्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेतही ट्रॅक्टरची ओढण्याची ताकद वजन घालून आणि वजनाशिवाय अशी दोन्ही प्रकारे तपासली जाते. मात्र, वजन घालण्याआधी त्याची गरज आहे का, हे पाहावे.

घसरण मोजा

मागच्या टायरवर खडूने खूण करा. नांगर उचलून त्याच शेतात ट्रॅक्टर चालवा आणि चाकाचे १० फेरे होईपर्यंतचे अंतर मोजा. मग नांगर नेहमीच्या खोलीला लावून पुन्हा १० फेरे मोजा. समजा, पहिले अंतर ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर आले. म्हणजे ६ मीटर वाया गेले. घसरण १५ टक्के झाली. शेतात १० ते १५ टक्के घसरण चालते. दुसरे अंतर ३० मीटरच भरले तर घसरण २५ टक्के. म्हणजे चाकाच्या चार फेऱ्यांपैकी एक फेरा फुकट, त्यातले डिझेल फुकट आणि टायरची झीज वेगळी.

ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही, त्यांनीही हे पाहावे. तासावर भाडे ठरले असेल तर घसरणाऱ्या चाकाचे पैसे आपल्याच घरातून जातात. घरचा हिशेब ठेवणाऱ्या भगिनीलाही बांधावरून हे ओळखता येईल. टायरच्या दात्यांचे ठसे पुसट, खरवडल्यासारखे दिसले तर वजन कमी आहे. ठसे साच्यातून काढल्यासारखे स्वच्छ उठले तर वजन जरुरीपेक्षा जास्त आहे. ठशाच्या कडा स्पष्ट आणि मधला भाग थोडा मोडलेला दिसला तर वजन बेताचे समजावे.

पाणी किती?

ट्यूबच्या पोकळीचा तीन चतुर्थांश भाग, म्हणजे ७५ टक्के पाणी भरावे. उरलेल्या जागेत हवा हवीच, कारण धक्का तीच झेलते. पूर्ण पाणी भरले तर चाक ताठर होते व टायरला इजा पोहोचते. या मापाने १२.४-२८ च्या टायरमध्ये सुमारे १६० लिटर, १३.६-२८ मध्ये सुमारे २०० लिटर आणि १४.९-२८ मध्ये सुमारे २५० लिटर पाणी बसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन्ही चाकांत सारखेच पाणी घालावे. एकूण वजन ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये.

भरण्याची रीत

१. ट्रॅक्टर सपाट, टणक जागी उभा करून पुढच्या चाकांना उटी लावा. मागचे चाक जॅकने उचला आणि खाली भक्कम ठोकळा द्या.

२. चाक फिरवून व्हॉल्व्ह अगदी वर आणा. आतील पिन काढून हवा जाऊ द्या.

३. उंचावर ठेवलेल्या टाकीतून नळीने पाणी सोडा. मोटारपंप थेट जोडू नये, दाब आवरत नाही. पाणी-हवेची खास तोटी असेल तर उत्तम. नसेल तर मधूनमधून नळी काढून आतील हवा बाहेर जाऊ द्या.

४. पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी आले की थांबा. एवढ्याने ७५ टक्के भरते.

५. पिन बसवून पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी हवा भरा. पुढेही हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच ठेवा.

पाणी स्वच्छ व गोडे असावे. खाऱ्या विहिरीचे पाणी गळाले तर रिम गंजते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड मिसळतात. आपल्याकडे त्याची जरुरी नाही, आणि तेही रिम खाते.

केव्हा काढावे?

ओल जास्त असली की कुळवावरचा दगड आपण उतरवतो. पाण्याचेही तेच. ओल्या काळ्या जमिनीत जड चाक फिरले तर खाली घट्ट थर बनतो. मुळे आणि पाणी दोन्ही अडतात. भाताच्या चिखलणीत चाके रुततात, तेथे लोखंडी पिंजऱ्याची चाके बरी. रोटाव्हेटर तर ट्रॅक्टरला पुढेच ढकलतो, त्याला फार ओढ लागत नाही. निव्वळ वाहतुकीच्या हंगामातही जादा वजन वाहण्यात डिझेल जाते, आणि ब्रेक लावल्यावर तेवढे वजन थांबवावेही लागते.

जिवाची काळजी

मागच्या चाकातील पाण्याने ट्रॅक्टरचे तोंड उचलायचे थांबत नाही. उलट, चाकाची पकड वाढल्यावर ओझे अडले की चाक घसरत नाही आणि पुढचा भाग उठतो. म्हणून ओढायचे ओझे खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. वर, आसाला कधीही जोडू नये. जड अवजार असेल तर पुढे वजने लावावीत. क्लच एकदम सोडू नये आणि मडगार्डवर मुलांना बसवू नये.

पंक्चर झाल्यास कारागिराला चाकात पाणी असल्याचे आधी सांगा. पाण्याचे चाक एकट्याने उतरवू नये. ते अंगावर आले तर सावरत नाही. व्हॉल्व्ह खाली आणून पाणी काढून टाकावे आणि मगच चाक खोलावे.

यंदा नांगरट सुरू करण्यापूर्वी १० फेऱ्यांचा हा प्रयोग जरूर करा. त्याला एक खडू आणि अर्धा तास पुरतो. हिशेब वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामातही पाणी भरायचे की काढायचे हे नेमके ठरवता येईल.