विमान आत्ता काय करतंय?

डोंबिवली स्टेशनचा जिना उतरता उतरता आपली मान आपोआप वर जाते. इंडिकेटरवर गाडी कुठली, वेळ काय आणि कडेला एकच अक्षर, फास्ट की स्लो. कळव्याला उतरायचंय आणि ते अक्षर बघायचं राहिलं, की गाडी थेट ठाण्याला नेऊन सोडते. गाडी बिघडलेली नसते, मोटरमनही बरोबर असतो. गाडी तिचं ठरलेलं काम करत असते, आपल्या डोक्यात मात्र दुसरंच असतं.

विमानाच्या कॉकपिटमध्येही असा एक इंडिकेटर असतो. ऑटोपायलट म्हणजे एक बटण दाबायचं आणि चहा प्यायचा, असं मलाही पूर्वी वाटायचं. तसं अजिबात नसतं. त्याला एकेक काम वेगळं सांगावं लागतं. कुठल्या दिशेला वळ, किती उंचीवर थांब, किती वेगाने खाली ये, इंजिनांचा जोर किती ठेव. या कामांच्या पद्धतींना म्हणायचं मोड. यंत्राने त्यातला कुठला मोड घेतलाय, ते वैमानिकासमोरच्या पडद्यावर अगदी वरच्या अरुंद पट्टीत उमटतं. एअरबसमध्ये या पट्टीला पाच रकाने, बोइंगमध्ये तीन. एअरबसमध्ये चालू असलेलं काम हिरव्या अक्षरांत, पुढे पाळीला बसलेलं निळ्या अक्षरांत. शब्दही कसे, तर तुटक: स्पीड, हेडिंग, आयडल.

मेख इथेच आहे. बटणं असतात एका जागी, पट्टी दुसऱ्या जागी. आपण काय दाबलं हे बटणांवरून कळतं. यंत्राने काय ऐकलं, ते फक्त पट्टी सांगते.

१९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता ते सिलचर हे विमान नेलं, तेव्हा सगळ्या वैमानिक आणि कर्मचारी बायकाच होत्या. ते फोकर विमान काट्यांच्या घड्याळांवर चालायचं. इंडियन एअरलाइन्सकडे काचेच्या पडद्यांचं एअरबस ए-३२० आलं ते १९८९ मध्ये. आणि वर्षभराच्या आत ती वाईट बातमी आली.

१४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून निघालेलं ६०५ क्रमांकाचं विमान भर दुपारी, स्वच्छ हवेत बंगळूरला उतरत होतं. इंजिनं ‘आयडल’वर होती, म्हणजे जेमतेम फिरत होती. उंचावरून खाली येताना हे ठीकच, पण धावपट्टी जवळ आली की इंजिनांनी वेग सांभाळायला हवा. त्यासाठी मोड बदलायला हवा होता आणि तो बदलला नाही. एका वैमानिकाच्या बाजूची मार्गदर्शक यंत्रणा बंद झाली, दुसऱ्याची चालूच राहिली. आणि दोन्ही बंद झाल्याशिवाय यंत्र वेगाच्या मोडवर येणार नव्हतं. विमान हळू होत गेलं, खाली खाली जात राहिलं. जेमतेम अर्धा मिनिट आधी कॉकपिटमध्ये कुणीतरी त्या मोडचं नाव घेतल्याचं रेकॉर्डिंगमध्ये आहे. तोवर उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ जणांपैकी ९२ गेले.

चौकशीत एक शक्यता अशीही पुढे आली की, मिनिटाला ७०० फूट या वेगाने उतरायचं म्हणून जो आकडा लावायचा, तो शेजारच्या उंचीच्या नॉबवर लागला असावा. ठपका मुख्यतः वैमानिकांवर आला. मला मात्र राहून राहून वाटतं, दोन नॉब शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांचं काय?

कारण दोनच वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ दुसरं ए-३२० डोंगरावर आदळलं आणि ८७ माणसं गेली. तिथे उतरण्याचा कोन ३.३ अंश हवा होता. पण त्याच खिडकीत, दुसऱ्या मोडमध्ये, ३३ म्हणजे मिनिटाला ३३०० फूट! फरक काय, तर एका टिंबाचा. त्या यंत्राने बहुधा दुसराच अर्थ घेतला. त्यानंतर कंपनीने तिथे पूर्ण चार आकडे दाखवायला सुरुवात केली. आपल्या स्वयंपाकघरात मीठ-साखरेचे डबे सारखे नसावेत, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता पट्टीवर मोड बदलला, की नव्या शब्दाभोवती दहा सेकंद चौकट दिसते. नुसतं बघून भागत नाही. एक वैमानिक तो शब्द मोठ्याने वाचतो, दुसरा स्वतःच्या पडद्यावर बघून ‘चेक्ड’ म्हणतो. दिवसभरात कितीतरी वेळा. जगात महिला वैमानिकांचं प्रमाण जास्त असलेल्या देशांत भारत पुढे आहे, तेव्हा हा आवाज बऱ्याचदा एखाद्या बाईचा असतो.

पुढच्या वेळी विमानात बसलात आणि उतरायला लागल्यावर इंजिनांचा आवाज एकदम बसला, तर घाबरू नका. तेव्हा पट्टीवर आयडल लिहिलेलं असतं आणि तिथे ते बरोबरच असतं. जमिनीपासून साधारण हजार फुटांवर मात्र वेग, उतार, इंजिनांचा जोर सगळं जागेवर हवं असा नियम असतो. नसेल तर वैमानिक विमान पुन्हा वर उचलतात आणि फेरी मारून येतात. पोटात गोळा येतो, शेजारचे काका घड्याळ बघून कुरकुरतात. कुरकुरू द्या.